न दिलेला शब्द

एल्म प्रेअरी, आयोवा
नववा महिना, १२ तारीख, १९०९

प्रिय ऱ्होडा,

एकोणीस वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. दोन वर्षांपूर्वी अमोस गेल्याचं कळलं, तेव्हा कागद पुढ्यात घेतला होता. ‘प्रिय ऱ्होडा’ एवढं लिहून झाल्यावर पुढचं वाक्य सुचेना. दुसऱ्या दिवशी मुलांची भूमितीची परीक्षा होती, या सबबीवर कागद बाजूला सारला. सबब खरी होती. तरी ती सबबच होती.

कॉलेजात आता निम्मी क्वेकर मंडळी बाहेरच्यांसारखं सरळ ‘सप्टेंबर’ आणि ‘रविवार’ म्हणतात. मीही म्हणतो. तुला लिहिताना मात्र आपल्या घरची पद्धतच हाताला येते: नववा महिना, पहिला दिवस.

तुझा बार्क्ले बरा आहे. गेलं वर्षभर दर पहिल्या दिवशी मौनसभा संपली की तो आमच्याकडे जेवायला येतो, हे त्याने तुला कळवलं असेलच. माझी बायको हॅना त्याला दुसऱ्यांदा वाढायला विसरली, तर तो ताटाकडे असा बघतो की तिला हसू येतं. खांदे अमोसचे, पाय आपल्या वडिलांचे. हे पाय बघूनच आमच्या कप्तानाने, एल्वुडने, त्याला फुटबॉलच्या संघात बोलावलं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळता येत नाही, म्हणून गेल्या वर्षी हा प्रश्न आला नव्हता. या वर्षी आला.

एकवीस वर्षांखालच्या मुलाला संघात घ्यायचं तर घरच्यांची लेखी परवानगी लागते. चार वर्षांपूर्वी देशभरातल्या मैदानांवर मुलं दगावली, त्यानंतर आमच्या कॉलेजाने हा नियम केला. तेव्हा मला तुझी परवानगी मागायची आहे. तू हो म्हण, असं मी सांगत नाही. खेळ आता आमच्या वेळेसारखा राहिलेला नाही. चेंडू काखेत धरलेल्याला मध्ये घेऊन आम्ही एकमेकांना धरून पाचर करायचो आणि समोरच्या रांगेत घुसायचो. ती पाचर आता बंद झाली. चेंडू पुढे फेकायची मुभा आली. तरी हाडं मोडतातच. माझं नाक दोनदा मोडलं आणि डाव्या हाताची करंगळी वाकत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आणखी एक. हे न लिहिता तुझ्याकडे काही मागणं मला लबाडीचं वाटेल. नव्वदच्या वसंतात, वडिलांच्या पडवीत, तू मला विचारलंस: “माझ्या लग्नाच्या दिवशी हा खेळ सोडायचा शब्द दिलास. मग परत कुठे निघालास?” मी म्हणालो, असा शब्द मी दिलेला नाही. तू म्हणालीस, दिलास. मी म्हणालो, “मी खोटं बोलतो का?” आपण क्वेकर, शपथ घेत नाही. आपला हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. तेव्हा आपल्यापैकी एक जण खोटं बोलत होतं, आणि ते आपल्याला झेपलं नाही. तू आणि अमोस त्याच उन्हाळ्यात ओरेगनला गेलात. मी कॅन्ससमध्ये मुलांना हा खेळ शिकवायला लागलो, मग ओहायोत, मग सात वर्षांपूर्वी इथे, आपल्याच कॉलेजात परत आलो.

मी तेव्हा म्हणालो तेच आजही म्हणतो. शब्द दिला नव्हता.

एवढं वाचूनही तुला मुलगा माझ्या हाती द्यावासा वाटला, तर कळव.

तुझा भाऊ,
लिंडली


दहावा महिना, ३ तारीख

प्रिय ऱ्होडा,

तुझं उत्तर मिळालं. हॅनाने ते मोठ्याने वाचलं, आणि मग मी एकटाच परत वाचलं. “बार्क्लेला खेळू दे. त्याच्या बापाने नको म्हटलं असतं, पण मी त्याचा बाप नाही. एकच अट आहे. जे मला कळवायला तुला नको वाटेल, ते आधी कळव. जुन्या गोष्टीबद्दल मला काही म्हणायचं नाही. आलुबुखारे वाळत घातलेत, ऊन बरं आहे.” तुझा आवाज बदललेला नाही.

अट मान्य आहे.

मुलगा चांगला पळतो. चेंडू काखेत धरून रांगेतल्या फटीकडे जातो, आणि फट बुजली तर थांबत नाही, दुसरीकडे वळतो. हे शिकवता येत नाही. मी एवढंच शिकवतो की पडताना मान आत ओढ आणि हात अंगाशी ठेव. पहिल्या सामन्यात तो गुणाच्या रेघेपलीकडे पोचला आणि चेंडू खाली ठेवून मागे बघायला लागला, कुणी बोलावतंय का म्हणून. संघातला जेसी त्याला म्हणाला, “अरे, पाहुणा आल्यासारखा दारात काय उभा राहतोस, आत ये.” तेव्हापासून सगळे त्याला ‘पाहुणा’ म्हणतात.

तुला आमची पद्धत कळावी म्हणून लिहितो. बाहेरच्या संघांत मध्यंतराला शिकवणारा माणूस ओरडून मुलांना पेटवतो. आमच्यात मध्यंतराला मुलं शेडमध्ये शेगडीभोवती गप्प बसतात, मौनसभेत बसतो तशी. मग कप्तान एखादी गोष्ट विचारतो: अमक्याला बाहेर काढावं का, तमका डाव बदलावा का. कुणाच्या मनात हरकत असेल तर तो बोलतो. एकाची जरी हरकत असली तरी ते होत नाही. कुणी बोललं नाही, तर सगळ्यांचं एकमत. हात वर करणं नाही, मोजणं नाही. मी त्या बैठकीत असतो पण बोलत नाही. मुलंही मला आपल्या रिवाजाप्रमाणे नुसतं ‘लिंडली’ म्हणतात. ही पद्धत मीच घातली. खेळ चालू असताना बाहेरून मुलांना सूचना द्यायला नियमानेच बंदी आहे, मग आतही त्यांनी स्वतः ठरवावं असं मला वाटलं. इतर कॉलेजांची मुलं आम्हाला ‘मुके’ म्हणतात. त्याचं वाईट वाटत नाही. या मुक्यांनी गेल्या वर्षी फक्त एक सामना गमावला.

एक नियम मात्र जाचक आहे. खेळाडूला एकदा बाहेर काढलं, की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. आमच्याकडे अकरा खेळतात आणि राखीव फक्त तिघं. म्हणून बाहेर काढताना जीवावर येतं.

बार्क्ले पत्र लिहितो म्हणाला होता. आठवण करीन.

लिंडली


अकरावा महिना, १४ तारीख

प्रिय ऱ्होडा,

काल आम्ही मेथडिस्टांच्या कॉलेजला हरवलं. सहा विरुद्ध पाच. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

हे बार्क्लेमुळे झालं, आणि मामा आहे म्हणून म्हणत नाही. दुसऱ्या अर्ध्यात आम्ही पाच गुणांनी मागे होतो. चेंडू आमच्याच टोकाजवळ होता. त्याने चेंडू घेतला, डावीकडे गेला, तिथे चार जण होते, मग मधून, आणि मग कुणीच नव्हतं. लोकांनी टोप्या फेकल्या. एक म्हातारे गृहस्थ, सत्तर वर्षांचे, मौनसभेत पुढच्या बाकावर बसणारे, कुंपणावर चढले, आणि त्यांना उतरवायला दोघं लागले. नंतरची लाथ एल्वुडने मारली, ती दोन खांबांमधून गेली, आणि तो एक गुण जास्तीचा मिळाला.

त्याआधी पहिल्या अर्ध्याच्या शेवटी बार्क्ले एकदा जोरात पडला होता. मध्यंतरात थोडा दमलेला दिसला. पण खेळला, आणि काय खेळला हे वर लिहिलंच आहे.

काल रात्री आमच्याकडेच राहिला, आज इथेच जेवला. दोनदा वाढून घेतलं. मुलं त्याला पुन्हा पुन्हा तोच डाव सांगायला लावत होती आणि तो हसत होता. लिडिया, एल्वुडची बहीण, हॅनाला मदत करायला आली होती, ती म्हणाली, “पाहुणा आता दारात थांबत नाही, घरच पळवतो.”

शेवटचा सामना कृतज्ञता दिनाला आहे, पंचवीस तारखेला. तो जिंकलो तर या भागात आमच्यापुढे कुणी नाही. मी वीस वर्षं हे काम करतोय, असं कधी झालं नाही.

पत्र परत वाचलं. यात खोटं काही नाही.

लिंडली


अकरावा महिना, १९ तारीख

प्रिय ऱ्होडा,

मागच्या पत्रात खोटं काही नव्हतं, असं मी लिहिलं होतं. खरं आहे. पण तुझी अट खोटं न बोलण्याची नव्हती.

मध्यंतरात शेडमध्ये एल्वुडने विचारलं, “बार्क्लेने खेळत राहावं का, कुणाच्या मनात काही आहे का?” कुणी बोललं नाही. बार्क्लेही बोलला नाही. तो शेगडीकडे बघत बुटाची दोरी बांधत होता. दोरी आधीच बांधलेली होती. त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली, पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. हे मी बघितलं. मी पद्धतीप्रमाणे गप्प बसलो. बाहेर काढला तर परत घेता येणार नाही, हेही माझ्या मनात होतं. पद्धत किती आणि ही गोष्ट किती, हे मला सांगता येत नाही. तुला जितकं जास्त वाटेल तितकं धर.

आज दुपारी काय झालं ते लिहितो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

एल्वुड, लिडिया आणि बार्क्ले आमच्याकडे जेवायला होते. काल कॉलेजच्या सभागृहात अलास्कातल्या हिमनद्यांवर व्याख्यान होतं, पडद्यावर चित्रं दाखवून. लिडिया बटाटे वाढता वाढता म्हणाली, “हिमनद्या छान होत्या. माझ्या शेजारची खुर्ची तर फारच छान होती. रिकामी होती, शाल ठेवता आली.”

“कोण यायचं होतं?” बार्क्लेने विचारलं.

“ऐका. कोण यायचं होतं म्हणे.”

एल्वुड म्हणाला, “अरे, तूच ना तिला म्हणालास? सामना झाल्यावर, फाटकापाशी. मी होतो, जेसी होता.”

“मी काय म्हणालो?”

“‘पाचव्या दिवशी मी तुला व्याख्यानाला नेतो, आणि धुतलेला शर्ट घालून येतो,’” लिडिया म्हणाली. “मी काही मिनतवारी करायला आले नव्हते. चांगला खेळलास, एवढं सांगायला आले होते. शर्टाचं तर मी नावही काढलं नव्हतं, ते तुझं तुलाच सुचलं.”

आम्ही हसलो. बार्क्ले हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, “मी असं म्हणालोच नाही. मी खोटं बोलतो का?”

ऱ्होडा, तो खोटं बोलत नव्हता. हे त्याच्याकडे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं. आणि लिडियाही खोटं बोलत नव्हती. दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि त्या टेबलाशी मी पुन्हा वडिलांच्या पडवीत बसलो होतो. फक्त या वेळी मी तिसरा होतो.

जेवण झाल्यावर मी त्याला परसात नेलं आणि विचारलं, “शनिवारचं तुला काय आठवतं?”

“सगळं.”

“तो डाव सांग.”

“डावीकडे गेलो, तिथे चार जण होते, मग मधून...”

“हे मी तुला सांगितलं. माझेच शब्द आहेत.”

त्याने पायाने एक खडा बाजूला सारला. मग म्हणाला, “मामा, सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मला दिसतंच ते.”

“सांगितलेलं सोडून दे. काय राहतं?”

“पहिल्या अर्ध्यात मैदानावर कुंपणाची सावली होती.” पुढचं काय, असं मी विचारलं. “मग पहिल्या दिवशी सकाळी हॅनामामीने लापशी दिली, तिच्यात काकवी जास्त होती.”

मध्ये काही नाही. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा डाव त्यात आहे, लिडिया त्यात आहे, धुतलेला शर्ट त्यात आहे.

तो गेल्यावर मी परसातच बसलो आणि स्वतःला तोच प्रश्न विचारला. एकोणनव्वद साली, तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, आम्ही नदीपलीकडच्या कॉलेजशी खेळलो होतो. पाचरीच्या टोकाला मी होतो. संध्याकाळच्या गाडीने डोक्याला फडकं बांधून घरी आलो, असं आई सांगायची. तुझ्या लग्नाचं मला सगळं आठवतं, असं मी आजवर समजत होतो. तू आणि अमोस सभेत उभे राहिलात. मग आलेल्या सगळ्यांनी विवाहपत्रावर सह्या केल्या. माझी सही वडिलांच्या सहीखाली आहे. अंगणात टेबलं मांडली होती. वारा होता आणि चादर उडाली.

सह्या मी विवाहपत्रावर नंतर बघितल्या. चादर आईने सांगितली. अंगण तर लहानपणापासून ओळखीचं. सांगितलेलं एकेक बाजूला काढत गेलो, ऱ्होडा, तर काही उरलं नाही. तुझ्या लग्नातला तुझा चेहरा मला आठवत नाही.

तेव्हा तू म्हणत होतीस ते खरं असणार. मी शब्द दिला. मी दिला नाही असं म्हणालो, तेही माझ्या परीने खरं होतं. एकोणीस वर्षं तू मला खोटारडा समजलीस आणि मी तुला. आता निदान माझ्या बाजूने हिशेब सरळ झाला. तू खोटं बोलली नव्हतीस.

बार्क्लेला शेवटच्या सामन्यात खेळवावं की नाही, हे तू ठरव. मी या आठवड्यात त्याला सरावातून मोकळं ठेवलं, आणि मुलांना कारण गुडघ्याचं सांगितलं. तेही खोटंच. उद्या दुरुस्त करीन. हे पत्र तुला तेवीस-चोवीसपर्यंत मिळेल. नको असेल तर तार कर. एक शब्द पुरे.

लिंडली


अकरावा महिना, २४ तारीख

प्रिय ऱ्होडा,

तार आली नाही. सकाळी, दुपारी आणि चारच्या गाडीनंतर, तीनदा स्टेशनवर जाऊन आलो. स्टेशनमास्तर म्हणाला, पश्चिमेकडे डोंगरात बर्फ पडलंय, टपालाच्या गाड्या अडकल्यात. म्हणजे पत्र तुला मिळालं नसेल. किंवा मिळालं असेल आणि तुला काही म्हणायचं नसेल. मला कळायला मार्ग नाही.

इथे सगळ्यांना मार्ग सापडला आहे. डॉक्टरने बार्क्लेची नाडी बघितली, त्याला सरळ रेघेवर चालवलं, कॉलेजच्या अध्यक्षाचं नाव विचारलं. त्याने “माहलन” असं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहे. माहलन स्वतः म्हणाला, “लिंडली, तू मुलाची काळजी करतोस हे चांगलं आहे. पण त्याच्या आईची परवानगी कागदावर आहे आणि तिने ती मागे घेतलेली नाही.”

दुपारी बार्क्ले मला घरी येऊन भेटला.

“आईने नको म्हटलेलं नाही,” तो म्हणाला. “आपल्यात गप्प राहणं म्हणजे हो.”

“त्या दिवशी शेडमध्ये तूही गप्प होतास. ते हो होतं का?”

“मला काय माहीत.”

“तेच म्हणतोय मी.”

तो चिडला. “मामा, तू स्वतः मोडक्या नाकाने खेळलास. बरगडी मोडली तेव्हा खेळलास. एल्वुडच्या काकाने मला सगळं सांगितलंय. तुला चाललं, मला का नाही?”

मी त्याला तुझ्या लग्नाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, “म्हणजे तुला माझ्या आईबापाचं लग्न आठवत नाही?”

“नाही.”

“आणि तरी वीस वर्षं तू हेच शिकवलंस?”

“मला आठवतं, असं मला वाटत होतं.”

तो उठला. दाराशी जाऊन म्हणाला, “मला बरं वाटतंय. रोज वाटतंय. मी खेळणार.” आवाज न करता दार लावून गेला. तू तसंच लावायचीस.

चार वाजून गेल्यावर मुलं शेडमध्ये बसली. बाहेर थंडी होती आणि शेगडी धूर करत होती. बरंच मौन झाल्यावर एल्वुड म्हणाला, “उद्या बार्क्ले खेळतो. कुणाच्या मनात काही आहे का?”

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मला हे मान्य नाही.”

मुलं माझ्याकडे बघायला लागली. एल्वुड म्हणाला, “लिंडली, तू या बैठकीत बोलत नाहीस.”

“आजपर्यंत बोललो नाही.”

“मग आज का? जिंकायची वेळ आली म्हणून?”

“मागच्या वेळी आपण गप्प बसलो आणि त्याला एकमत म्हटलं. बार्क्लेही गप्प होता. तो कुठे बसलाय हे त्याला माहीत नव्हतं. मला ते दिसलं आणि मीही गप्प बसलो. आणि त्याच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. ते मी बनवून सांगितलं होतं. शनिवारी दुरुस्त करीन असं ठरवलं होतं, तेही आज करतोय.”

कोपऱ्यातून जेसी हळू म्हणाला, “मलाही तेव्हा वाटलं होतं. त्याने मला ‘जॉन’ म्हणून हाक मारली. दोनदा.”

“जॉन कोण?” एल्वुडने विचारलं.

बार्क्ले खाली बघून म्हणाला, “आमचा घोडा.”

दोघं-तिघं हसले. मग कुणी हसलं नाही. जेसी म्हणाला, “मग तू बोलला का नाहीस, असं विचारू नका. कुणीच बोललं नाही, म्हणून मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल.”

एल्वुडने शेगडीत एक लाकूड सरकवलं. तो चांगला कप्तान आहे, आणि त्यालाही वीस वर्षंच झालीत. मग म्हणाला, “एकमत नाही. बार्क्ले खेळणार नाही.” आणि मला म्हणाला, “उद्या आपण हरणार, हे तुला माहीत आहे ना?”

“बहुतेक.”

“बहुतेक नाही.”

बार्क्लेने अंगातला संघाचा स्वेटर काढला, नीट घडी केली, बाकावर ठेवला, आणि सदऱ्यानिशी थंडीत बाहेर गेला. मी मागे गेलो नाही. माझ्याकडून त्याला काही ऐकायचं नव्हतं, हे कळत होतं. लिडिया फाटकापाशी भावाची वाट बघत होती. तिने त्याला बघितलं, आपली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली, आणि दोघं गावाकडे गेले. तो आज रात्री एल्वुडच्या घरी जेवणार, असं हॅनाला निरोप आला आहे. आमच्याकडे नाही.

तो माझ्याशी किती दिवस बोलणार नाही हे माहीत नाही. आपल्या घरातला म्हणजे एकोणीस वर्षंही लागू शकतात.

आता माझं. न आठवणारा शब्द बंधनकारक असतो का, या प्रश्नावर मी दोन दिवस घासाघीस केली. आठवत नाही म्हणून सुटलो असं म्हटलं, तर कुणाचाच शब्द टिकणार नाही. म्हातारपणी सगळेच सुटतील. आणि मी ज्यांना शिकवलं त्या मुलांपैकी किती जण कुणाला काय देऊन विसरले, हे मला कधीच कळणार नाही. कॅन्ससमधला एक आठवतो, सामन्यानंतर आपल्याच घराचा रस्ता विचारायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो.

मला हा खेळ आवडतो, हेही लिहिलं पाहिजे. पाचरीच्या टोकाला पळताना पायाखालची जमीन जशी लागायची, तसं मला नंतर कशातच लागलं नाही. भूमितीत थोडंसं.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. त्या दिवशी मी नक्की काय म्हणालो, ते मला लिहून पाठव. थोडक्यात नको. माझेच शब्द, मी म्हणालो तसे, तुला आठवत असतील तर. मी खेळ सोडीन म्हणालो होतो की फक्त खेळायचं सोडीन म्हणालो होतो, एवढाही फरक मला ठाऊक नाही. ते शब्द आता फक्त तुझ्याकडे आहेत. फक्त खेळायचंच म्हणालो असलो, तर माझी वीस वर्षं निर्दोष सुटतील, हा मोह मला झाला. म्हणून तुझं उत्तर येण्याआधीच ठरवलं.

उद्या जिंकलो तर हे बोलणं माझ्याच्याने होणार नाही, आणि हरलो तर लोकांना वाटेल हरल्यामुळे बोललो.

तुझा भाऊ,
लिंडली

उद्या: सामन्याआधी माहलनकडे जाऊन सांगणे, की पुढच्या वर्षी मुलांना खेळ शिकवायला दुसरा माणूस बघ.